जुने शस्त्र, नवा धनी

जुन्या-नव्याच्या भांडणात आपल्या भाषेने पहिल्यापासून जुन्याची बाजू घेतली आहे. 'जुने ते सोने' असे ती म्हणते आणि नव्याला नऊ दिवसांपलीकडे आयुष्य द्यायला तयार होत नाही. याचे कारण तत्त्वज्ञानात शोधायला नको. ते आपल्या गरिबीत आहे. ज्या घरात थोरल्याचा सदरा मधल्याला आणि मधल्याचा धाकट्याला येतो, त्या घराला जुन्याचा तिरस्कार परवडत नाही. जून महिना आला की आमच्या शाळेत दहावीत गेलेल्या मुलाची पुस्तके नववीत आलेल्या मुलाकडे निम्म्या किमतीत जातात. समासात लिहिलेली उत्तरे वर फुकट मिळतात, आणि त्यांतली निम्मी चुकीची असतात ही गोष्ट वेगळी.

काटकसर हा गुण मी वर्गात शिकवतो आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःही आचरतो. पण मध्यंतरी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला असा प्रश्न विचारला की, त्या प्रश्नापुढे हा घरचा गुण एकदम अवघडून उभा राहिला. त्याला रिव्हॉल्व्हर घ्यायचे होते. परवाना हाती आला होता. पैसे मात्र बेताचे होते.

हा विद्यार्थी माळेगाव बुद्रुकचाच. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर त्याचा ऊस उभा असतो आणि उसाच्या मधोमध त्याचे घर. आमच्याकडे अशा घराला वस्ती म्हणतात. पण तिथे वसलेली माणसे मोजायला एका हाताची बोटे पुरतात. हा, त्याची बायको, म्हातारी आई आणि एक मूल. ऊस छातीच्या वर गेला की शेजारच्या वस्तीचा दिवा दिसत नाही. आसपासच्या एका वस्तीवर रात्री चोर आले आणि जाताना म्हाताऱ्या माणसाला मारून गेले. त्यानंतर त्याने अर्ज केला. पोलीस चौकशी झाली, शस्त्र कसे धरावे आणि कसे ठेवावे याचे शिक्षण घेतल्याचा दाखला झाला, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवून झाल्या.

"सर," तो म्हणाला, "इंजिन जुनं घेतलं, ट्रॅक्टर जुना घेतला, कधी फसलो न्हाई. मंग ह्येच नवं कशाला घ्यायचं? एक जुनं मिळतंय, निम्म्या पैशात. तुम्हाला काय वाटतं?"

मी आयुष्यात खडूहून जड हत्यार हाती धरलेले नाही. हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "पण तुमच्या कादंबरीत खून हाय की." तो खून विळ्याने झालेला आहे, ही गोष्ट मी त्याच्या नजरेस आणून दिली. पण शिक्षकाला विचारलेला प्रश्न शिक्षकाच्या मानगुटीवर बसतो. तो घरी गेला आणि मी विचार करीत राहिलो.

मुळात शस्त्र घ्यावेच का, हा प्रश्न मी इथे बाजूला ठेवतो. तो लहान आहे म्हणून ठेवत नाही. गावात, भिंतीला भिंत लागलेल्या घरात, विजेच्या दिव्याखाली बसून उसातल्या माणसाला अभय शिकवणे मला थोडे लाजिरवाणे वाटते. त्याचा निर्णय त्याने घेतला आहे, सरकारने तो तपासला आहे. माझ्यापुढे आलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे: थोडक्या पैशाच्या माणसाने जुने शस्त्र घ्यावे की नवे?

आणि इथे पहिलीच गंमत अशी की, या बाजारात जुने नेहमी स्वस्त असते असे नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसाला परदेशी शस्त्र आणून विकण्याची वाट आपल्याकडे जवळजवळ बंद झाली. तेव्हापासून देशात आधी आलेली इंग्लंड-अमेरिकेची रिव्हॉल्व्हरे तेवढीच राहिली आणि त्यांच्यावर डोळा ठेवणारे वाढत गेले. त्यामुळे आजोबांच्या पेटीतले वेब्ली अँड स्कॉट नव्या कानपुरीपेक्षा कितीतरी महाग विकले जाते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे बत्तीस बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर काढले, त्याची किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये होती. ज्या बाईला भय वाटते तिच्याजवळ एवढे पैसे असतात का, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला होता आणि तो रास्त होता. २०२३ मध्ये 'प्रबळ' नावाचे आणखी एक आले. म्हणजे नव्याचा भाव लाखाच्या वरच. माझ्या विद्यार्थ्याला जे जुने सांगून आले होते ते विलायती नव्हते, कानपूरचेच होते. मालक वारला, मुलाला नको होते, त्याने विकायला काढले होते.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला आहे. तिथल्या पोलीस खात्यांनी बदलून टाकलेली पिस्तुले पुन्हा बाजारात येतात. काही कारखाने आपलीच जुनी पिस्तुले परत घेतात, उघडतात, झिजलेले भाग बदलतात, तपासतात आणि कारखान्याच्या हमीनिशी कमी किमतीत विकतात. घेणाऱ्याला हे नवे नाही हे ठाऊक असते. पण ज्याने घडवले त्यानेच पुन्हा पाहिले आहे, हेही ठाऊक असते. तिथल्या शस्त्रांच्या सुळसुळाटाचा हेवा करावा असे त्यात काही नाही. हेवा करावा तो त्या हमीच्या कागदाचा. आपल्याकडे जुने शस्त्र बहुधा दुकानदाराच्या कपाटातून येते किंवा दुसऱ्या परवानेवाल्याकडून; त्याला तेल पाजलेले असते, फडके फिरवलेले असते, आणि "एकदम टाईट आहे साहेब" एवढी तोंडी हमी असते. बैलबाजारात निदान बैलाचे दात पाहता येतात.

लोखंडाला दात नसतात. मी एका जाणत्या कारागिराला विचारले तेव्हा त्याने सांगितले ते असे: रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे चक्र असते. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकते आणि ते घर नळीसमोर येऊन थांबते. नेमके थांबले पाहिजे. वर्षानुवर्षांच्या झिजेने ते केसभर अलीकडे किंवा पलीकडे थांबू लागले, तर गोळी नळीच्या काठाला घासते आणि शिशाचे तुकडे बाजूला उडतात. दुसरी गोष्ट याहून वाईट. कोणा हौशी मालकाने चाप हलका व्हावा म्हणून आतल्या खाचेवर कानस फिरवलेली असते. मग शस्त्र खाली पडले, कपाटाच्या कडेवर आपटले, तरी घोडा पडू शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. उलट हलका चाप त्याला आवडतो. जुने असूनही किती मऊ चालते म्हणतो!

जुने शस्त्र दुरुस्त करून वापरणे ही आपल्याला काही नवी गोष्ट नाही. मराठ्यांच्या हातातली 'फिरंग' म्हणजे काय? पाते फिरंग्यांच्या देशातले, मूठ इथली. समुद्रापलीकडून आलेल्या पात्यांना आपल्या लोहारांनी आपल्या हाताला बसेल अशी मूठ चढवली आणि त्या तलवारी पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. शिकलगारांची तर जातच या कामावर जगली. पात्याचा गंज काढायचा, धार लावायची, लवचीकपणा पाहायचा आणि मगच ते धन्याच्या हाती द्यायचे. खंडेनवमीला आपण शस्त्रांना हळदकुंकू वाहतो. पण पूजेच्या आधी ती घासूनपुसून, तपासून ठेवायची रीत होती, हे आपण विसरून गेलो. पूजा राहिली, तपासणी गेली.

ती गेली नाही असे एक ठिकाण मात्र माझ्या गावातच आहे. आमच्या माळेगावच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबते. पाहुण्यांना वाटते, आता सहा महिने कारखाना झोपला. झोपतो कसला! बंद हंगामात सगळी यंत्रे उघडून पडलेली असतात. उसाचा रस काढणारे रोलर झिजलेले असतात, त्यांचे दाते पुन्हा भरून घेतात. बेअरिंगे बदलतात, पंप सोडवतात. आणि बॉयलर? त्याला तर सरकारी तपासनिसाने पाहिल्याशिवाय, दाखला दिल्याशिवाय आग दाखवता येत नाही. १९२३ च्या कायद्याने घालून दिलेली ही शिस्त २०२५ च्या नव्या कायद्यानेही मोडलेली नाही. या तपासणीतली एक चाचणी मला फार आवडते. बॉयलरमध्ये थंड पाणी कोंडतात आणि रोजच्या कामात लागतो त्याहून जास्त दाब त्याला देतात. तो दाब त्याने सोसला तर रोजचा दाब तो सोसेल. मग दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते, आणि आपण फोटो पाहतो तो नारळ फोडणाऱ्यांचा. दाखला देणाऱ्याचा फोटो कोणी छापत नाही.

बंदुकीची जात या बाबतीत बॉयलरचीच आहे. दोन्हीत पोलादाच्या पोटात स्फोटक जोर कोंडायचा असतो. लंडनच्या बंदूक घडवणाऱ्यांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमला १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने चाचणीघर उभे राहिले. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारूचे काडतूस भरून बंदूक उडवतात. टिकली तर तिच्या अंगावर शिक्का मारतात. पुढे नळी झिजून रुंदावली किंवा कोणी तिच्यात फेरफार केला, तर तो जुना शिक्का चालत नाही. पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि चाचणीत न बसणारी बंदूक विकणे हा तिथे गुन्हा आहे. म्हणजे विलायतेच्या कायद्याने जुने-नवे असा भेदच केला नाही. त्याने विचारले एवढेच: ही कोणी तपासली आहे काय, आणि त्याचा शिक्का कुठे आहे?

इथवर आल्यावर मला माझ्या विद्यार्थ्याच्या बोलण्यातली गोम सापडली. जुने इंजिन घेतले आणि ते बंद पडले, तर पाणी कोणाचे बंद होते? त्याचे. जुना ट्रॅक्टर चिखलात रुतला, तर उपाशी कोण राहते? तोच. फाटकी समासवाली पुस्तके घेऊन नापास कोण होतो? घेणारा. काटकसरीत जो धोका असतो तो ज्याच्या खिशात पैसे वाचतात त्याच्याच पदरात पडतो, म्हणून काटकसर हा गुण. पण सैल चक्राच्या रिव्हॉल्व्हरमधून उडालेला शिशाचा तुकडा पैसे वाचवणाऱ्याला शोधत जात नाही. तो शेजारी उभ्या असलेल्याला लागतो. पन्नास हजार माझे वाचले आणि धोका दुसऱ्याच्या वाट्याला गेला, तर ती काटकसर राहत नाही. ते दुसऱ्याला न विचारता त्याच्या नावावर काढलेले कर्ज होते.

हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "आमच्या वस्तीवर दुसरं हाय कोण?"

आहे की. दिवाळी सरली की बीड-नगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. शेताच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको पहाटे कोयता घेऊन फडात जातात आणि मागे राहिलेली पोरे दिवसभर जवळच्या वस्तीवर हुंदडतात. कोणी पाणी मागायला येते, कोणी टीव्ही पाहायला दारात उभे राहते. या पोरांची नावे परवान्यावर नसतात. त्यांच्या आईबापांनी कोणते शस्त्र जुने आणि कोणते नवे याचा विचार करण्याचे काही कारण नाही. आणि तरी त्या घरातल्या रिव्हॉल्व्हरच्या खाचेवर कोणी कानस फिरवली होती की नाही, या प्रश्नाशी त्यांचा जितका संबंध आहे तितका जिल्हाधिकाऱ्यांचाही नाही.

आता माझ्याच म्हणण्याला आडवी येणारी एक गोष्ट सांगतो. दिवाळीच्या अंकात ती सांगू नये असे वाटले होते. पण ती टाळली तर हा लेख अर्धा राहील. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींचा जीव घेण्यासाठी दिल्लीला गेलेल्या मंडळींजवळ दोन जुनी रिव्हॉल्व्हरे होती. २० जानेवारीच्या सकाळी त्यांनी ती झाडीत नेऊन तपासली. त्यांतले एक चाललेच नाही आणि दुसऱ्याची गोळी नेम धरलेल्या झाडापर्यंत पोहोचली नाही, असे पुढे माफीच्या साक्षीदाराने न्यायालयात सांगितले. त्या दिवसाचा बेत फसला. मग मारेकरी ग्वाल्हेरला गेले आणि २८ तारखेला तिथून एक पिस्तूल मिळवले. इटलीचे बेरेटा, १९३४ च्या नमुन्याचे, क्रमांक ६०६८२४. तेही जुनेच, हातोहात आलेले, परंतु चोख. ३० तारखेला काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

जुने शस्त्र तपासून चोख करून घ्यावे असे मी वर मोठ्या तोंडाने म्हणालो. या गोष्टीपुढे ते तोंड मिटते. त्या दोन जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या नादुरुस्तीबद्दल हळहळेल असा माणूस मला भेटायचा आहे. शस्त्र ही बहुधा एकच अशी वस्तू असेल की, ती बिघडली तर बरे, असेही कधी कधी जगाला वाटावे. मग पोलादाची परीक्षा पुरी नाही हे उघड आहे. बर्मिंगहॅमच्या चाचणीत ते बेरेटा पास झाले असते. त्याला परवाना नव्हता. ते कोणाचे, कोणाकडून कोणाकडे, कशासाठी गेले याचे उत्तर द्यायला बांधलेला माणूस त्याच्या मागे एकही नव्हता. पोलादाला साक्ष लागते तशी हातांनाही लागते.

या दृष्टीने पाहिले तर परवान्यामागची ती सगळी कटकट मला एकदम निराळी दिसू लागली. १९५९ चा शस्त्र कायदा, विकताना आधी द्यावी लागणारी खबर, नोंदवहीतला क्रमांक, निवडणूक आली की ठाण्यात नेऊन जमा करायची ती हातभर रांग, या सगळ्याला आपण सरकारी त्रास म्हणतो. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवली आणि लग्नावरातीत हवेत गोळ्या उडवून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, लावून दिले. ज्यांच्या घरी लग्ने मोठी होतात त्यांना ते जाचले असेल. पण हातांची साक्ष ठेवायची दुसरी काही युक्ती माणसाला अजून सापडलेली नाही.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला मी दिलेले उत्तर असे. वारलेल्या माणसाचे ते कानपुरी रिव्हॉल्व्हर वाईट नाही. ते कोणाकडे होते, किती वर्षे होते, त्याच्या मागे काही गुन्हा नाही, हे कागदावर आहे. हातांची साक्ष मिळाली. आता पोलादाची मिळव. परवानाधारक कारागिराकडे ते ने, उघडायला लाव, चक्र आणि खाच पाहायला लाव, बदलायचे ते बदल आणि 'मी पाहिले, चोख आहे' असे त्याच्या सहीने लिहून घे. हा खर्च किमतीत धर. सही करायला कोणी तयार झाले नाही तर वाचलेले पैसे वाचलेले नाहीत असे समज, उसाच्या पुढच्या हप्त्यापर्यंत थांब आणि नवे घे. नव्यातही काडतुसे बेताने मिळतील, तेव्हा सराव कमी होईल आणि त्याची भरपाई पोलादाने होणार नाही, हेही मी सांगितले. त्याने ते ऐकले नसावे. चांगल्या विद्यार्थ्यांना शेवटचा मुद्दा ऐकायची सवय नसते.

त्याच्या बायकोने मात्र ऐकले. इतका वेळ ती दाराशी उभी होती. ती म्हणाली, "जुनं घेवा न्हाईतर नवं घेवा. घरात ठिवायचं कुठं, त्ये कुणी इचारलंच न्हाई." आम्ही दोघेही गप्प झालो. दोन कपाटे, एक पेटी आणि म्हातारीची कडीकोयंड्याची फडताळ, एवढीच त्या घरातली ठेवणीची जागा. त्यातले फडताळ तर पोरे बिस्किटासाठी रोज उघडतात.

दसऱ्याला तो सोने द्यायला आला तेव्हा त्याने सांगितले की, कारागीर मिळाला आहे, रिव्हॉल्व्हर उघडून पडले आहे, आणि एक स्प्रिंग बदलावी लागणार आहे. शिवाय त्याने एक लोखंडी तिजोरी पाहून ठेवली होती. बारामतीच्या एका पेढीने दुकान बंद केले, त्यांची, वजनदार, स्वस्त.

"पण जुनी हाय, सर," तो जरा चाचरत म्हणाला. "चालंल का?"

मी म्हणालो, "तिजोरी जुनी चालेल. कुलूप मात्र बदलून घे. पहिल्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत ते आपल्याला ठाऊक नाही."